हात मोकळे ठेवणारा दिवा
कोजागिरीच्या वाटेवरील मुक्काम आणि कपाळावरच्या विजेरीची निवड

तुळजाभवानीच्या उपासनेत दिवटी आणि बुधली यांची जोडी फार जुनी आहे. दिवटीवर पेटता काकडा असतो, बुधलीत त्याला पाजावयाचे तेल असते. गोंधळाच्या रात्री एका हातात दिवटी आणि दुसऱ्या हातात बुधली घेऊन जो उभा राहतो, त्याचे दोन्ही हात उजेडाच्या सेवेत गुंतलेले असतात. उजेड सर्वांना मिळतो, पण एक माणूस त्यासाठी खर्ची पडतो. राजेरजवाड्यांच्या स्वारीपुढे मशालजी चालत, तेही याच हिशेबाने. पुढे गावोगावच्या वरातींत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारे मजूर आले. त्यांच्या माथ्यावर लखलखाट असे, पण त्यांचे दोन्ही हात बत्ती सावरण्यात अडकलेले असत आणि तो उजेडही त्यांच्या स्वतःच्या कामाचा नसे.

ज्याला काम करायचे आहे त्याच्याच कपाळावर दिवा असावा आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहावेत, ही सोय प्रथम खाणकामगारांनी मिळवली. आधी टोपीला अडकवलेली तेलाची चिमणी होती, मग कार्बाइडचा दिवा आला. उघड्या ज्योतीने खाणीतील वायू पेट घेत असे, म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विजेचे टोपीदिवे वापरात आले. चंद्रपूर आणि वणी भागातील भूमिगत कोळसा खाणींत कामगार आजही टोपीवर दिवा लावूनच खाली उतरतात. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीचा शोध लागला, त्यातून पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी तयार झाला आणि हा दिवा मूठभर आकाराचा व स्वस्त झाला. त्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुळजापूर तालुक्याला हा दिवा आता नवा नाही. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. अशा वेळी दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात फावडे असते आणि डोक्याला पट्ट्याची बॅटरी. बाजारात ‘डोक्याची बॅटरी’ म्हणून विकली जाणारी वस्तू ती हीच. सहलीला, शिबिराला किंवा यात्रेच्या मुक्कामाला निघणारी शहरी कुटुंबे तिला हेडलॅम्प म्हणतात. नाव कोणतेही असो, निवड करताना दोघांचीही एकच चूक होते. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून दिवा घेतला जातो, आणि मुक्कामावर तो आकडा उपयोगी पडत नाही.

कोजागिरीची वाट

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी पलंगावर निद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते, अशी तुळजापूरची परंपरा आहे. त्या पौर्णिमेच्या दर्शनासाठी सोलापुराहून लाखो भाविक पायी निघतात. कर्नाटक आणि तेलंगणातूनही माणसे येऊन या वाटेला मिळतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी अशी गावे मागे टाकत वाट शेवटी बालाघाटाच्या चढाला लागते. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी बहुतेक जण रात्री चालतात. प्रशासन या काळात वाहतूक अन्य मार्गांनी वळवते. रस्त्याच्या कडेला सोलापुरातील मंडळे, संस्था आणि व्यापारी राहुट्या व मंडप उभारतात. तिथे पाणी, चहा व फराळाची सोय असते, सुजलेल्या पायांना तेल चोळले जाते, फोडांवर मलमपट्टी होते.

मंडपातील हे प्रत्येक काम दोन हातांचे आहे. पायाचा फोड स्वच्छ करताना एका हाताने पाय धरावा लागतो आणि दुसऱ्याने कापूस. उकळत्या चहाचे पातेले उतरवताना दोन्ही हातांत सांडशी असते. राहुटीचा दोर ताणताना, जनरेटर बंद पडल्यावर वायर तपासताना, चुकलेल्या मुलाला कडेवर घेऊन त्याच्या माणसांचा शोध घेताना तिसरा हात कुठून आणायचा? मोबाइलचा दिवा दातांत धरून काम करणारे स्वयंसेवक अशा मंडपात सर्रास दिसतात. तासाभरात मोबाइल तापतो, त्याची बॅटरी उतरते, आणि रुग्णवाहिकेला दूरध्वनी करण्याची वेळ आली की तो बंद असतो. मुक्कामासाठी वेगळा दिवा लागतो तो मुख्यतः याच कारणाने.

पौर्णिमेचे चांदणे असताना दिव्याची गरज ती काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर पंचांगात सापडते. बहुतेक यात्रेकरू पौर्णिमेच्या एक-दोन रात्री आधीच वाटेला लागलेले असतात. पौर्णिमेपूर्वी चंद्र पहाट होण्याआधी मावळतो, आणि जितक्या रात्री आधी, तितका लवकर, म्हणजे दर रात्री सुमारे पाऊण तासाने अलीकडे. दोन रात्री आधी निघालेल्या माणसाला सूर्योदयापूर्वीचा दीड-दोन तासांचा काळ चांदण्याशिवाय काढावा लागतो. पाय सर्वाधिक थकलेले असतात तेव्हाच चांदणे संपते, आणि अनेकांसाठी घाटाचा चढही तेव्हाच येतो. त्यात परतीच्या पावसाचे ढग असले तर चांदण्याचा भरवसा मुळीच उरत नाही.

चांदण्याचे माप

चंद्रप्रकाशाचा संबंध दिव्याच्या खोक्याशीही आहे. हातातल्या व डोक्यावरच्या विजेऱ्या मोजण्यासाठी २००९ साली अमेरिकेत ‘एएनएसआय एफएल-१’ हे मानक तयार झाले आणि जगभरातील चांगले उत्पादक ते पाळतात. या मानकानुसार ‘प्रकाशाचा पल्ला’ म्हणजे ज्या अंतरावर दिव्याचा उजेड पाव लक्स इतका उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री मोकळ्या माळावर पडणारे पूर्ण चंद्राचे चांदणे, असे साधारण मानले जाते. खोक्यावर ‘१०० मीटर’ लिहिले असेल तर शंभर मीटरवर झळझळीत उजेड पडेल, असा त्याचा अर्थ नाही. तिथे कोजागिरीच्या चांदण्याइतकाच उजेड पडेल, आणि तोही झोताच्या अगदी मध्यावर.

ल्यूमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. एफएल-१ नुसार ते दिवा लावल्यानंतर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान घेतले जाते. त्यानंतर तो उजेड किती वेळ टिकतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ‘चालण्याचा कालावधी’ हा आकडा तर आणखी फसवा वाटू शकतो, कारण प्रकाश सुरुवातीच्या एकदशांश होईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. ४०० ल्यूमेनचा दिवा १० तास चालतो असे लिहिलेले असेल, तर त्यांतील पुष्कळसे तास तो ४० ल्यूमेनच्या आसपास मिणमिणत असण्याची शक्यता असते. मानक पाळणाऱ्या उत्पादकाने हे लपवलेले नसते, पण मोजमापाची पद्धत ग्राहकाला ठाऊक असावी लागते. वजनकाट्याचे महत्त्व जाणणाऱ्या व्यापारी घरांना हे अधिक सांगणे नको.

भांडवल आणि खर्च

दिव्याच्या बॅटरीकडे भांडवल म्हणून पाहिले की सगळा हिशेब सोपा होतो. तीन बारीक, म्हणजे ट्रिपल-ए आकाराच्या अल्कलाइन सेलमध्ये मिळून साधारण ५ वॅट-तास ऊर्जा असते. चांगला एलईडी एका वॅटमध्ये सुमारे १०० ल्यूमेन देतो. म्हणजे हाती ५०० ल्यूमेन-तासांचे भांडवल आले. ते ५०० ल्यूमेनने उधळले तर तासाभरात संपेल आणि ५० ल्यूमेनने वापरले तर दहा तास पुरेल. प्रत्यक्षात उष्णता आणि सर्किट यांत काही भाग वाया जातो, म्हणून कागदावरच्या हिशेबातून थोडे कमीच धरावे. कोणताही कारखाना हा ताळेबंद चुकवू शकत नाही. अंगठ्याएवढ्या दिव्यावर हजारो ल्यूमेन आणि शिवाय ‘रात्रभर’ असे दोन्ही लिहिलेले असेल, तर त्यांतील एक विधान खोटे आहे हे न पाहताच सांगता येते.

लिथियम-आयन सेलच्या बाबतीत आकड्यांची फसवणूक फार चालते. हेडलॅम्पमध्ये सर्वाधिक दिसणारा सेल ‘१८६५०’ या नावाचा असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढाच त्या नावाचा अर्थ. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते. तरीही ९९०० एमएएच छापलेले सेल दुकानांतून विकले जातात. अशा सेलचे वेष्टन जितके भडक, तितके आतले भांडवल तुटपुंजे असते. सेलला अतिप्रभारणापासून संरक्षण देणारे सर्किट नसेल तर तो तापून पेट घेण्याचाही धोका असतो. अशा लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी अनिवार्य आहे, म्हणून सेलवर किंवा खोक्यावर ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहावा. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क हे सर्व २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवेष्टित वस्तूवर असलेच पाहिजे. ज्या खोक्यावर यांतील काहीच नाही, तो माल विकत घेऊ नये आणि विकूही नये.

कोजागिरीच्या सुमारास तुळजापुरात सूर्य सायंकाळी सहानंतर लवकरच मावळतो आणि सकाळी सव्वासहाच्या सुमारास उगवतो. रात्र बारा तासांची. ताशी चार किलोमीटरच्या चालीने ४५ किलोमीटरला अकरा तासांहून अधिक वेळ लागतो, विसावा वेगळाच. म्हणून या वाटेसाठी कसोटी एकच ठेवावी: मध्यम उजेडावर दिवा बारा तास पुरला पाहिजे, किंवा वाटेत सेल बदलता आला पाहिजे. दिव्यातच कायमची बसवलेली बॅटरी चार्जिंगला सोयीची असते, पण ती संपली की दिवा ओझे होतो. बारीक सेल तामलवाडीच्या टपरीवरही मिळू शकतात. म्हणून घरच्या घरी वापरायला चार्जिंगचा दिवा आणि लांबच्या मुक्कामाला सेल बदलता येणारा दिवा, हा विभाग व्यवहार्य ठरतो. दोन्ही प्रकारची बॅटरी चालणारे दिवेही बाजारात आहेत. ते थोडे महाग, पण कुटुंबासाठी उत्तम. एका कुटुंबातील सर्व दिवे एकाच जातीच्या सेलवर चालणारे असावेत, म्हणजे एकाचे सेल दुसऱ्याच्या अडचणीला धावून येतात.

मुक्कामावर किती उजेड हवा?

पायातळी पाहून चालण्यास ३० ते ५० ल्यूमेन पुरतात. स्वयंपाक, मलमपट्टी, औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे यांसाठीही हाताच्या अंतरावर तेवढेच पुरे, किंबहुना कमीच बरे. फार प्रखर उजेडात चकचकीत भांडे आणि पांढरा कागद डोळ्यांवर उलटतो. राहुटीच्या आत ५ ते १० ल्यूमेन भरपूर होतात. १५० ते २०० ल्यूमेन लागतात ते दूरची आरोळी कुठून आली हे पाहायला किंवा ओढ्यापलीकडची वाट शोधायला, तेही मिनिटभर. म्हणजे मुक्कामाच्या दिव्यात प्रखरतेपेक्षा मंदपणाची गुणवत्ता अधिक पाहावी. अगदी मंद टप्पा आहे का? बटण दाबताच तोच टप्पा प्रथम येतो, की आधी डोळे दिपवणारा झोत येतो? अंधारात झोपलेल्या वीस माणसांच्या मंडपात या प्रश्नाचे महत्त्व कळते.

झोत दोन प्रकारचा असतो: लांब जाणारा अरुंद आणि जवळ पसरणारा रुंद. मुक्कामाला रुंद झोत हवा. अरुंद झोतात कढईचा मधला भाग लखलखतो आणि कड अंधारात राहते, त्यामुळे मान सतत हलवावी लागते. दिव्याचे तोंड खाली-वर करणारा बिजागरीसारखा सांधा घट्ट आणि टप्प्याटप्प्यांचा असावा. तो सैल असला तर प्रत्येक पावलागणिक दिवा घसरतो.

कपाळावरच्या दिव्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. त्याचा उजेड डोळ्यांच्या जवळूनच निघतो, त्यामुळे समोरच्या वस्तूंच्या सावल्या त्या वस्तूंच्याच मागे लपतात आणि खाचखळगे सपाट भासतात. धूळ, धूर किंवा धुके असेल तर तेच कण उजळून डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. खडबडीत वाटेवर दिवा कपाळावरून काढून कमरेच्या पट्ट्याला लावला तर सावल्या लांबतात, दगड-खड्डे उठून दिसतात, आणि हात तरीही मोकळेच राहतात. गळ्यात अडकवायचे दिवे याच कारणाने काहींना आवडतात. ते समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, मात्र वाकले की झुलतात.

रंगाचा प्रश्न: डोळे, जखम आणि जीवजंतू

दिव्याचा रंग ही केवळ आवडीची बाब नाही. प्रकाशाचे ‘तापमान’ केल्विनमध्ये सांगतात. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे समईसारखा पिवळसर उजेड. ६००० केल्विनच्या पुढे निळसर पांढरा. बहुतेक कीटक अतिनील आणि निळ्या किरणांकडे अधिक ओढले जातात, पिवळसर व लाल उजेडाकडे कमी. आश्विनातील पावसाळी ओल, शेतातील उभी पिके आणि मोकळा माळ यांमुळे पांढऱ्या दिव्याभोवती पाखरांचे थवे जमतात, चहाच्या पातेल्यात पडतात, गरम काचेवर मरतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या जैन कुटुंबांना या नियमामागील जीवदयेचा विचार सांगावा लागत नाही. स्वयंपाक व भोजन दिवसाउजेडी उरकावे, रात्रीच्या उरलेल्या कामांना पिवळसर आणि शक्य तितका मंद दिवा वापरावा, काम संपताच तो बंद करावा. मुक्कामावरील हिंसा टाळण्याचा हा साधा उपाय आहे. पाखरे थेट तोंडावर येत नाहीत, हा लाभ वेगळा.

लाल दिव्याचा उपयोग आणखी निराळा आहे. अंधाराला सरावण्यास मानवी डोळ्याला सुमारे अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत तो सराव क्षणात पुसून टाकतो. मंद लाल उजेडात तो बराचसा टिकतो. रात्री उठून पाणी पिणे, शेजारच्याची झोप न मोडता पांघरूण शोधणे यांसाठी लाल टप्पा असलेला दिवा उत्तम. मात्र लाल उजेडात रक्त आणि तांबडी खूण दिसेनाशी होते. म्हणून जखम पाहताना, औषध देताना किंवा विजेच्या वायरींचे रंग ओळखताना पांढरा उजेडच लावावा. त्यातही रंग खरे दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, ९० च्या आसपास असलेला दिवा मलमपट्टीच्या मंडपात ठेवला तर सूज, पू आणि निळे पडलेले कातडे यांतील फरक नीट कळतो.

साप, रस्ता आणि लहान मुले

धाराशिव जिल्ह्याच्या माळरानावर आणि शेतबांधांवर नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झालेला अनेकदा कळतही नाही. मुक्कामावर जोडे घालण्यापूर्वी ते झटकून आत उजेड टाकणे, सरपणाची मोळी हात घालण्याआधी दिव्याने पाहणे, शौचास जाताना दिवा पावलापुढे ठेवणे आणि झोपताना मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे या सवयी दिव्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. दंश झालाच तर दिव्याच्या उजेडात साप शोधत बसू नये. माणसाला शांत ठेवून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

दिवा स्वतःला दिसण्यासाठी असतो, तसाच इतरांना आपण दिसावे म्हणूनही असतो. सोलापूर-तुळजापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२ चा भाग आहे आणि यात्रेबाहेरच्या दिवसांत त्यावर अवजड वाहने वेगाने धावतात. पादचाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे. पुढे पांढरा दिवा आणि पाठीवर लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी असावी. काही हेडलॅम्पना मागील बाजूस लाल दिवा जोडलेला असतो. पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींसोबत पहाटे चालणारे श्रावक आणि याच जिल्ह्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्राकडे पायी निघणारे गट यांच्यासाठी तो विशेष उपयोगी आहे. महामार्गावर पहाटे होणारे पादचाऱ्यांचे अपघात पाहता, सोबतच्या श्रावकांच्या पाठीवर मागून दिसणारा दिवा असणे ही सेवेचीच एक अट मानली पाहिजे.

मुलांना हेडलॅम्प फार आवडतो. त्यांचा दिवा मंदच असावा, कारण ती एकमेकांच्या डोळ्यांत झोत टाकून खेळतात. चपट्या बटण-सेलवर चालणारे खेळण्यातले दिवे शक्यतो टाळावेत. घ्यावेच लागले तर सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. गिळलेला बटण-सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. ज्येष्ठांसाठी मोठे, बोटांना सहज लागणारे बटण पाहावे. चष्मा असलेल्यांनी दिवा चष्म्यासह लावून पाहावा. काही दिव्यांचा उजेड चष्म्याच्या वरच्या कडेवर चमकून त्रास देतो.

मुक्कामावरची एक रीत सर्वांनी पाळावी: कोणाशी बोलताना दिवा खाली वळवावा किंवा बंद करावा. समोरचा माणूस आपल्याकडे पाहतो तेव्हा आपला दिवाही नेमका त्याच्या डोळ्यांत जातो. भाजलेल्या पायाला मलम लावणारा स्वयंसेवक मान वर करून ‘कुठून आलात, आजी?’ असे विचारतो, आणि आजीबाई डोळे मिटून घेतात. उजेड असूनही तिला त्याचा चेहरा दिसत नाही.

दुकानातील पाच मिनिटे

हेडलॅम्प दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. कुटुंबाच्या मुक्कामासाठी सर्वांत महागडा लागत नाही आणि सर्वांत स्वस्त पुरत नाही. दुकानात दिवा डोक्याला लावून मान जोरात हलवावी. तो हलता कामा नये आणि कपाळावर रुतताही कामा नये. पट्टा काढून धुता येतो का, हे पाहावे. रात्रभराच्या घामाने न धुतलेल्या पट्ट्याखाली पुरळ उठते. टोपी, फेटा किंवा डोक्यावरच्या पदरावरून तो बसतो का, हेही पाहावे. डोळे मिटून बटण शोधावे, दिवा लावावा, मंद करावा आणि सेलचे झाकण उघडून बंद करावे. अंधारात हीच कामे करावी लागतात. बॅगेत बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून कुलूप-सोय आहे का, ते विचारावे. नसेल तर प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवावा.

पावसासाठी आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, आणि मुक्कामास ते पुरते. आयपीएक्स-७ चा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकतो. मराठवाड्यातील बारीक धूळ लक्षात घेता ‘आयपी’नंतरचा पहिला अंकही पाहावा, तिथे ६ असेल तर धूळ आत शिरत नाही. ‘एसओएस’, लुकलुकणारे पाच-सहा प्रकार, सात रंग अशा सोयींसाठी जास्त पैसे देऊ नयेत. नेहमीचा टप्पा मिळवण्यासाठी दर वेळी त्या सगळ्यांतून जावे लागत असेल तर ती सोय नव्हे.

मंडपासाठी प्रत्येकाच्या कपाळावरचा दिवा पुरेसा नाही. मध्यभागी टांगलेला एक सामाईक दिवाही हवा. तो नसला तर वीस लिटरच्या पाण्याच्या अर्धपारदर्शक जारभोवती हेडलॅम्प आतल्या बाजूस तोंड करून बांधावा. सगळा जार कंदिलासारखा उजळतो आणि उजेड कोणाच्या डोळ्यांत जात नाही.

यात्रा संपल्यावर दिवा तसाच कपाटात टाकण्याची सवय त्याचे आयुष्य संपवते. अल्कलाइन सेल आत राहिले तर पाझरतात आणि पितळी पट्ट्या खातात. ते काढून ठेवावेत. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता निम्मी भरून ठेवावी. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावेत. निकामी सेल कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दिव्यांचा व्यापार करणाऱ्यांनी दुकानात जुन्या सेलसाठी एक डबा ठेवला, तर ग्राहकांचीही सोय होईल.

असा दिवा केवळ यात्रेपुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे कोसळली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. त्या अंधारात दगडमातीचे ढिगारे लोकांनी उघड्या हातांनी उपसले. ढिगारा उपसायला दोन्ही हात लागतात. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या उशाशी असा एक दिवा सेलसह टांगलेला असणे, ही या भागात चैन मानू नये.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक रात्र घरातील सर्व दिवे मालवावेत आणि नव्या हेडलॅम्पवर नेहमीची कामे करून पाहावीत. अंथरूण घालावे, मुलाच्या पायाला पट्टी बांधावी, औषधाचे लेबल वाचावे. मग दिवा मध्यम टप्प्यावर तसाच चालू ठेवून झोपावे आणि सकाळी सहाला उठून तो पाहावा. तेव्हाही त्याच्या उजेडात जमिनीवर पडलेली सुई सापडली, तर तो दिवा तुळजापूरच्या वाटेला न्यायला हरकत नाही.